दहा आकडे

हे झालं २०१८ साली. पिंपरीत हायवेच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहत होते. रस्ते रोज नव्या जागी बंद व्हायचे, आणि जन्म तिथं काढलेला माणूसही रिक्षावाल्याला विचारायचा, अरे, हे कुठं आलो आपण? नेमक्या त्याच वर्षी दानिएल उजगरे वाटा विसरायला लागले. देवाने वेळ काही बरी निवडली नाही, असं त्यांच्या बायकोला, विनोदिनीबाईंना, वाटायचं. मग असं वाटल्याबद्दल त्या मनातल्या मनात क्षमाही मागायच्या.

उजगरे मूळचे नगरकडचे. बहात्तर साली पिंपरीच्या गाड्यांच्या कारखान्यात लागले आणि चौतीस वर्षं एकाच खात्यात राहिले. खातं शेवटच्या तपासणीचं. रंग होऊन आलेली गाडी गेटबाहेर जायच्या आधी त्यांच्या डोळ्यांखालून जायची. अंगठीचा, घड्याळाच्या पट्ट्याचा, हातातल्या कड्याचा एक ओरखडा रंगावर उठला की गाडी परत. म्हणून पाळी सुरू होताना ते लाइनच्या तोंडाशी प्लास्टिकचा डबा घेऊन उभे राहत आणि माणसामाणसाला सांगत, "अंगठी, घड्याळ, दोरा, कडं. काढा." नव्या नवरदेवाच्या बोटातली अंगठीसुद्धा त्यांनी सोडली नव्हती.

रविवारी हेच उजगरे ख्रिस्ती मंडळीचे पंच, चर्चच्या कारभारातले वडीलधारे. देवळात त्यांची जागा पुढून दुसऱ्या बाकावर, डाव्या हाताला.

आजार आला तो हळूच आला. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आंघोळ झाली की नाही ते. या सगळ्याची विनोदिनीबाईंनी सवय करून घेतली. पण फेब्रुवारीत ते पहिल्यांदा घरातून गेले. त्या कोपऱ्यावर दुधाची पिशवी आणायला गेल्या होत्या, पाच मिनिटांत परतल्या तर दार सताड उघडं. उजगरे इस्त्रीचा शर्ट घालून, रिकामा डबा पिशवीत टाकून चौकात गेले होते. तिथं सकाळच्या पाळीला कंपन्यांच्या बसेस लागतात, चाकणच्या, तळेगावच्या, हिंजवडीच्या. पूर्वी एकच कंपनी होती आणि एकच बस. आता कुठलीही बस थांबली की उजगरे चढत. टापटीप म्हातारा, हातात डब्याची पिशवी, चढताना ड्रायव्हरला सलाम. कोण अडवणार? एखादा सल्लागार वगैरे असेल असं समजून पोरं उठून जागाही देत.

पहिल्या खेपेला भोसरीतून परत आले. दुसऱ्या खेपेला मोशीत टोलनाक्याजवळ सापडले. विनोदिनीबाईंनी शर्टाच्या खिशावर नाव-पत्ता शिवला, तर ते शर्टच बदलून टाकत. गळ्यात लॉकेट घातलं, मनगटात पट्टी बांधली. एकुलती मुलगी जेमिमा, बंगळुरात नोकरीला. माणूस कुठे आहे ते फोनवर दाखवणारं घड्याळ तिने पाठवलं. ते तासाभरात पिठाच्या डब्यात गेलं. अंगावर काही ठेवायचं नाही, ओरखडा उठतो. एका रविवारी तर प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले असताना त्यांनी शेजारच्या साळव्यांचं घड्याळ सोडवून खिशात टाकलं. साळवे नंतर म्हणाले, "राहू द्या वहिनी. तसंही ते दहा मिनिटं मागं होतं."

दाराला आतून कुलूप लावून पाहिलं. त्या दिवशी उजगऱ्यांनी दारावर इतक्या मुठी मारल्या की बोटांची सालं निघाली. "पाळी चुकतेय विनोदिनी, माझा खाडा लागेल," असं ते रडकुंडीला येऊन म्हणत होते. चौतीस वर्षांत एकही विनापरवानगी खाडा नसलेला माणूस. बाईंनी कुलूप काढलं आणि स्वतः त्यांच्यामागून चौकापर्यंत चालत गेल्या. त्या दिवसापासून त्या रोज मागे जायला लागल्या. पण सहासष्टाव्या वर्षी गुडघे किती दिवस साथ देणार?

एप्रिलमध्ये बाईंना मागे टाकून ते तिसऱ्यांदा बसमध्ये चढले, आणि दीड दिवस सापडले नाहीत.

त्या दीड दिवसाबद्दल विनोदिनीबाई पुढे कधी सलग बोलू शकल्या नाहीत. पोलीस चौकीत फोटो दिला. मंडळीतल्या तरुणांनी पिंपरी ते देहूरोड सगळी ख्रिस्ती देवळं, दवाखाने पालथे घातले. ख्रिस्ती माणूस हरवला म्हणजे कुणीतरी त्याला जवळच्या चर्चमध्ये नेऊन पोचवणार, असं सगळ्यांनी धरलेलं. आणि तिथंच सगळं चुकलं.

झालं असं होतं. चाकणच्या बसने त्यांना महाळुंग्यात एका कारखान्याच्या गेटवर उतरवलं. कार्ड नाही म्हणून रखवालदाराने आत सोडलं नाही. मग ते उन्हात चालत चालत गावाकडे गेले आणि एका कांद्याच्या चाळीच्या सावलीत जाऊन बसले. चाळ होती गेनबा आणि रतनबाई या नवराबायकोची. रतनबाईने पाणी दिलं, भाकरी दिली, नाव विचारलं. उजगऱ्यांनी हात कपाळाला नेऊन म्हटलं, "सलाम." नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत तीच रीत, भेटताना सलाम आणि निरोप घेतानाही सलाम. नाव परत विचारल्यावर त्यांनी कारखान्यातला आपला टोकन नंबर सांगितला. ती चौकशी करतच राहिली तेव्हा "दानिएल" एवढंच म्हणाले.

गेनबाला दुसरी शंकाच आली नाही. सलाम म्हणतोय, नाव दानियल. त्याने मोठ्या आस्थेने त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि चाकणच्या मशिदीत पोचतं केलं. तिथल्या लोकांनीही आस्थेत कसर ठेवली नाही. जेवू घातलं, गादी घालून दिली, त्यांच्या सगळ्या ग्रुपवर फोटो फिरवला. इकडे ख्रिस्ती मंडळींच्या ग्रुपवर दुसरा फोटो फिरत होता, आणि दोन्ही फोटो काही केल्या एकमेकांना भेटत नव्हते. दुसऱ्या दिवशी नमाजाच्या वेळी कुणी तरी त्यांना हातपाय धुवायला घेऊन गेलं, तेव्हा उजगऱ्यांनी डोळे मिटून खड्या आवाजात प्रभूची प्रार्थना म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ऐकणारे गप्प उभे राहिले. मग त्यांच्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "अरे, ये तो अपने नहीं, चर्चवाले चाचा हैं," आणि फोन सुरू झाले.

सगळे नंतर हसले. विनोदिनीबाईही हसल्या. पण या खेपेला भली माणसं भेटली. पुढच्या खेपेला तळेगाव रस्त्यावर ट्रकच भेटला तर?

पुढच्या आठवड्यात साडी आणि फराळ घेऊन त्या रतनबाईचे आभार मानायला महाळुंग्याला गेल्या. चारी बाजूंनी कारखान्यांचे पत्रे, आणि मधे ते घर. रतनबाई सत्तरीची, बोलायला मोकळी.

"साडी कशापायी आणली? मी काय जेवण घालून इकते का?" असं म्हणत तिने साडी मांडीवर घेतली आणि काठ निरखला. "पर बाई, ह्ये असं किती दिस चालायचं? बिल्ला लावा की गळ्यात."

"काढून टाकतात."

"मग गोंदून टाका." रतनबाईने पदर सारून हात पुढे केला. कोपराखाली हिरवट, पसरट झालेली अक्षरं होती. तिचं नाव, बापाचं नाव, खाली गावाचं. "म्या सा वर्साची व्हते. जत्रंत हरवले. सापडले तवा बापानं तिथंच गोंदणारीम्होरं बसवली. म्हनला, आता जा कुठं हरवायचं तिथं. कातडं काय काढून ठिवता येत न्हाई."

विनोदिनीबाईंनी हात मागे घेतला, जणू सुई त्यांच्याच हाताला लागली. "आमच्यात नाही चालत."

"नवरा हरवल्याला चालतो व्हय तुमच्यात?" रतनबाईने विचारलं. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बसमधून परतताना विनोदिनीबाईंच्या डोळ्यांसमोर त्यांची आजी येत राहिली. आजीचं नाव दुर्गाबाई, बाप्तिस्म्यानंतरही तेच राहिलं. तिच्या दोन्ही हातांवर लहानपणचं गोंदण होतं, तुळस, फुली, आणि कपाळावर ठिपका. बाप्तिस्मा झाल्यावर गावातल्या कुणी तरी म्हटलं की जुन्या देवांच्या खुणा अंगावर ठेवून चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला कशी येतेस. आजीने बिब्बा घासला. गोंदण गेलं नाही, कातडी गेली. छोटी विनोदिनी त्या गुळगुळीत गुलाबी डागांवरून बोट फिरवायची आणि आजी म्हणायची, "नको गं, अजून हुळहुळतं."

आणि मग जेमिमा. दोन हजार नऊ साली कॉलेजात असताना जेमिमाने मनगटावर आतल्या बाजूला क्रूस गोंदवून घेतला होता. नखाएवढा. तिला वाटलं, पप्पा खूश होतील. उजगऱ्यांनी तो पाहिला, पवित्र शास्त्र उघडलं, बायबलात अंगावर खुणा करू नयेत असं जिथं सांगितलं आहे ते पान तिच्यासमोर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "देवाने रंग देऊन पाठवलेली गाडी. तिच्यावर तू ओरखडा काढलास." पुढच्या रविवारी तिला प्रभुभोजनाला उठू दिलं नाही. पंचांची मुलगी मागच्या बाकावर बसून राहिली आणि सगळी मंडळी तिच्या बाजूने पुढे गेली. नोकरी लागल्याबरोबर जेमिमा बंगळुरात गेली. फोन यायचे, पण ते मम्मीला.

महिनाभर विनोदिनीबाईंनी हा विषय कुणापाशी काढला नाही. रात्री झोप लागत नव्हती, दिवसा गॅसवर दूध ठेवून विसरायला झालं, आणि त्या घाबरल्या की आता आपल्यालाही. एक भीती ट्रकची होती. दुसरी तिच्याहून खोल होती. समजा गोंदवलं. समजा मेलेले उठतील त्या पुनरुत्थानाच्या दिवशी हे धडधाकट, सगळी आठवण परत घेऊन उठले आणि त्यांनी हात पुढे करून विचारलं, विनोदिनी, माझ्यावर हा ओरखडा कुणी काढला, तर काय सांगायचं? ट्रक आला असता म्हणून? तेव्हा कुठला ट्रक.

शेवटी त्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळक तरुण होते, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. त्यांनी चहा मागवला आणि नीट ऐकून घेतलं.

"मावशी, ती आज्ञा मेलेल्यांसाठी अंगावर जखमा करून घेणाऱ्यांना होती. मूर्तिपूजकांची चाल होती ती. आपण आता नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत."

"मग माझ्या लेकीला मागं का बसवलं?"

पाळकांनी कप खाली ठेवला. "तेव्हा मी इथं नव्हतो."

"तुम्ही असतात तर?"

"पंचांपुढं माझं काय चाललं असतं?" ते ओशाळं हसले. मग म्हणाले, "संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो ना, मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवलं आहे. तेवढं लक्षात ठेवा."

बाईंनी ते लक्षात ठेवलं, पण दिलासा मिळाला नाही. ते कोरणं देवाच्या हातावर होतं. देवाचा हात देवाचा होता, त्याने हवं ते करावं. दानिएलचा हात बाईंचा नव्हता.

"त्यांना विचारून पाहा," दारापर्यंत सोडायला आलेले पाळक म्हणाले. "कधी कधी सकाळी बरे असतात म्हणता ना."

हे मात्र त्यांना पटलं. दोन दिवसांनी सकाळी उजगरे बरे दिसले. चहा पिताना त्यांनी साखर कमी असल्याची तक्रार केली. बाई समोर बसल्या.

"अहो, तुमच्या हातावर गोंदवून घ्यायचं का? आपला फोन नंबर. हरवलात तर कामाला येईल."

उजगऱ्यांनी बशी खाली ठेवली. डोळे अगदी पूर्वीसारखे झाले, पंचांचे. "गोंदायचं? शास्त्रात मना आहे. विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग विचारतेस कशाला?"

विषय संपला. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. बायकोचं नाव ज्याला तिसऱ्या हाकेला आठवतं त्या माणसाला हे मात्र पक्कं आठवत होतं. त्यांना राग आला. मग रागाची लाज वाटली, कारण त्या माणसात अजून मूळ दानिएल शिल्लक असलेली बहुधा तेवढीच एक जागा होती.

त्याच आठवड्यात उजगरे पुन्हा चौकात गेले. या खेपेला बस सुटता सुटता साळव्यांनी पाहिलं आणि ते बसला आडवे गेले. बस करकचून थांबली, साळव्यांच्या पायाला खरचटलं. त्या दुपारी विनोदिनीबाईंनी जेमिमाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मम्मी, माझा क्रूस नखाएवढा होता."

"माहितीय."

"आणि पप्पांच्या हातावर तू दहा आकडे काढणार. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, पण पप्पांचे कान टोचणारा सोनार मला जन्मात सापडला नाही. तुला कुठं सापडला?"

"ते नाहीच म्हणालेत. म्हणून तर तुला विचारतेय."

"मला विचारू नकोस. मी हो म्हटलं तर सूड होईल. नाही म्हटलं आणि त्यांना काही झालं, तर तोही सूडच." मग तिने विचारलं, "कुणाचा नंबर घालणार?"

"माझा. नाही तर कुणाचा?"

"तू सहासष्टची आहेस. उद्या तूच पडलीस तर तो फोन उचलणार कोण? माझा घाल."

असं म्हणून तिने फोन ठेवला. आणि शुक्रवारी सकाळी बंगळुराच्या बसने येऊन ती दारात उभी राहिली. उजगरे म्हणाले, "या, बसा. कुठल्या खात्यातून आलात?" जेमिमा म्हणाली, "ट्रेनिंगला आलेय, साहेब," आणि बाप खूश होऊन तिला लाइनचे नियम समजावत बसला. तिच्या मनगटाकडे त्यांचं लक्ष गेलं तेव्हा ते अडखळले. "हे निघत नाही का?" त्यांनी विचारलं. "नाही साहेब, हे छापूनच आलंय." त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या नियमाकडे वळले.

तोडगा जेमिमालाच सुचला. तो रात्रीच्या जेवणाला तिने आईला सांगितला. "पप्पांच्या कंपनीत गाडीच्या सांगाड्यावर, चासीवर, नंबर ठोकायचे ना, त्याला काय म्हणायचे?"

"पंचिंग."

"पंचिंग नसलेली गाडी ते गेटबाहेर सोडायचे?"

"छे. एकदा मोठ्या साहेबाची गाडी परत पाठवली होती." बाईंचा हात ताटात थांबला. लेक कुठं चालली आहे ते त्यांच्या ध्यानात आलं.

सकाळी जेमिमाने वडिलांना विचारलं, "साहेब, तुमचं पंचिंग राहिलंय. करून घ्यायचं ना?" उजगरे एकदम अस्वस्थ झाले. "राहिलंय? अरे, मग मला सोडलं कसं?" आणि त्यांनी बाही वर सारून हात पुढे केला.

इतकं सोपं होतं. एक शब्द बदलला आणि नाहीचं हो झालं. विनोदिनीबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना मात्र गुन्ह्याला निघाल्यासारखं वाटत राहिलं. तिघं रिक्षाने चिंचवड स्टेशनला निघाली.

गोंदणाचं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. चालवणारी मुलगी पुनम, चाकणकडचीच, एका कानात चार बाळ्या. उजगऱ्यांनी आत शिरल्या शिरल्या तिच्या कानाकडे बोट केलं. "काढा हे. लाइनवर चालत नाही."

"बरं, आजोबा," पुनम म्हणाली आणि खरंच तीन बाळ्या काढून बशीत ठेवल्या. चौथी निघत नव्हती. उजगऱ्यांनी मोठ्या मनाने ती सोडली.

तिने जेमिमाकडून नंबर लिहून घेतला, त्याचा निळा छाप उजगऱ्यांच्या कोपराखाली उमटवला आणि यंत्र हातात घेण्याआधी विनोदिनीबाईंकडे वळली. "आजोबांना विचारलंय ना? मी न विचारता करत नाही. मागं एक जण झिंगलेल्या मित्राला घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली भांडायला."

"विचारलंय," जेमिमा म्हणाली.

"हो का आजोबा? चालेल ना?"

"आकडे नीट पाडा," उजगरे म्हणाले. "मागच्या पाळीने सहाचं आठ केलं होतं."

पुनम हसली. यंत्र घुर्र करायला लागलं. सुई कातडीपासून चार बोटांवर होती तेव्हा विनोदिनीबाईंनी पुनमचा हात धरला. "थांब जरा."

जेमिमाने डोळ्यांनी विनवलं, मम्मी, नको. बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या नवऱ्याच्या खुर्चीशी वाकल्या. गुडघा कळ देत होता.

"अहो. इकडं बघा. हे पंचिंग नाही. हे गोंदण आहे. शास्त्रात मना आहे म्हणालात ते. तुम्ही रस्त्यावर हरवता. तुम्हाला काही झालं तर मला सोसायचं नाही, म्हणून मी हे करायला आणलंय. नको असेल तर आत्ता उठू या."

यंत्र बंद झालं. खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. उजगरे हातावरच्या निळ्या छापाकडे बघत होते. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला आणि एकेक आकडा बोटाने चेपत मोठ्याने वाचला, जसा चौतीस वर्षं वाचला असेल. दहा झाले. त्यांनी उलट्या बाजूने परत दहा वाचले.

"शेवटचा पुसट आहे," ते पुनमला म्हणाले. "ठळक करा."

"अहो, गोंदण आहे," बाईंनी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं. दोनदोनदा काय सांगतेस?"

त्यांच्या बोलण्यात तीच जुनी चिडचिड होती, चाळीस वर्षांच्या संसारातली. हात मात्र त्यांनी खुर्चीवर टेकवून ठेवला, आणि काम होईपर्यंत हलवला नाही.

त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे विनोदिनीबाईंनी नंतर असंख्य वेळा मनात उलटसुलट करून पाहिलं. कधी वाटायचं, कळलं होतं, आणि माझ्यासाठी त्यांनी ते अंगावर घेतलं. कधी वाटायचं, ते फक्त आकडे तपासत होते. जेमिमा म्हणायची, तू सांगितलंस ना, मग पुढचं त्यांच्याकडे. पण सांगितल्याने ओझं अर्धंच उतरतं.

पुढच्या रविवारी उजगरे अर्ध्या बाहीचा शर्ट घालून प्रभुभोजनाला उठले. मंडळीत कुजबुज झाली. पाळकांनी भाकर त्यांच्या हातावर ठेवली आणि कुजबुज तिथंच थांबली. मागच्या बाकावरून जेमिमा उठली आणि बापाच्या पाठोपाठ रांगेत उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी जानेवारीत उजगरे एकदा निसटले ते थेट हिंजवडीजवळच्या माणला पोचले. तिथल्या एका आयटी कंपनीच्या रखवालदाराने हातावरचा नंबर वाचून फोन लावला. तो बंगळुरात लागला. पिंपरीहून कुणी पोचेपर्यंत जेमिमा रखवालदाराच्या फोनवर बापाशी पाऊण तास बोलत होती. काय बोललीस, असं आईने विचारलं तर म्हणाली, नियम ऐकत होते.

उजगरे २०२० च्या मे महिन्यात घरातच, झोपेत गेले. कंपन्यांच्या बसेस बंद होत्या, आणि शेवटचे दोन महिने ते खिडकीशी बसून आज सुट्टी कसली आहे ते विचारत राहिले. मातीला वीसच माणसं होती. जेमिमाला येता आलं नाही. साळव्यांनी धरलेल्या फोनवर तिने सगळं पाहिलं. विनोदिनीबाईंनी पेटी बंद होण्याआधी बाही खाली ओढली, मग परत वर केली.

पाळकांची संगमनेरला बदली झाली. पुनमने चिंचवडचं दुकान बंद करून माणकडे मोठं घेतलं आहे, लग्नाआधी नवरीमुलींची रांग लागते म्हणे. गेनबा वारला. रतनबाईची चाळ रस्ता रुंदीकरणात गेली. ती लेकाबरोबर चाकणात राहते आणि दर मोसमात विनोदिनीबाईंना कांद्याची गोणी पाठवते. साळवे अजून त्याच घड्याळाने वेळ सांगतात. जेमिमाने बंगळुरातच लग्न केलं, तिला एक मुलगी आहे.

विनोदिनीबाई पिंपरीत नेहरूनगरातल्या त्याच घरात आहेत. रविवारी चर्चच्या शब्बाथ शाळेत मुलांना शिकवतात. आताच्या मुली धीट असतात. गेल्या वर्षी दोघीतिघींनी वर्ग संपल्यावर गाठलं आणि विचारलं, "बाई, टॅटू काढणं पाप आहे का? नाक टोचलं तर चालतं का?" बाईंनी पिशवीत वही भरली, चष्मा भरला.

"मला नका विचारू गं," त्या म्हणाल्या. "मी एकदाच ठरवलं होतं, आणि ते अजून नीट ठरलेलं नाही."